फुसकाजीच्या चौथ्या पायाची मोहीम

प्रकाशनगृहाच्या खाशा मालकीण, ग्रंथप्रतिपालक, श्रीमंत आत्याबाई यांच्या हुकुमावरून ही हकिकत लिहिली आहे. शनिवारी पावणेबारापासून सायंकाळी पावणेसातपर्यंत जे घडले ते घडले तसे, पदरचे न घालता लिहावे, अशी आज्ञा जाहली. त्याप्रमाणे दोघांच्या तोंडून जे जुळले ते लिहिले, एकट्याचेच होते ते सोडले, आणि आत्याबाईंचे भाचे राजश्री भाचेराव यांनी जे सांगितले ते तिसऱ्यास पुसून मग लिहिले. दहावा भाग बाहेर पडेपर्यंत हे कागद कुलपात ठेवावे, अशी ताकीद होती. आता दहावा भाग दुकानोदुकानी पोचला आहे, म्हणोन कुलूप काढले.

त्या समयी लेखिकाबाईंच्या 'डगमगपूरची दौलत' या विनोदी अद्भुत कादंबरीमालेचे नऊ भाग निघाले होते आणि वाचकांत त्यांची मोठी दहशत होती, म्हणजे लोक जेवण सोडून वाचीत. डगमगपूरचा राजा भित्रा, चेटकीण विसराळू, फौज बारमाही रजेवर, आणि राज्याचा रक्षक म्हणावा तर ड्रॅगन फुसकाजी, ज्याच्या तोंडून ज्वाळेऐवजी शिंक निघे. चौथ्या भागात परमुलखाचे वकील दरबारात शिरण्याच्या ऐन वेळी राजाच्या सिंहासनाचा एक पाय मोडला, तेव्हा फुसकाजीने आपला पुढचा डावा पाय काढून दोन दिवसांच्या बोलीवर सिंहासनाखाली लावला आणि राज्याची लाज राखली, आणि मग तो पाय त्यास कोणी परत दिला नाही. तेव्हापासून फुसकाजी तीन पायांवर चाले आणि पाय कोठे गेला असे कोणी पुसले तर दर खेपेस नवी थाप मारी. त्या सतराच्या सतरा थापा वाचकांस तोंडपाठ होत्या. लेखिकाबाईंनी मात्र तीन वर्षांत दहाव्या भागाचे नाव काढले नव्हते, आणि जो त्याविषयी पुसे त्याचा फोन त्या उचलीत नसत.

दहावा भाग येत नाही तर वाचकांस काय द्यावे, अशी मसलत आत्याबाईंनी भरवली आणि मग जोडमालाची मोहीम ठरली. डगमगपूरचा घडीचा नकाशा, नऊ भागांतील नावांचा कोश, चेटकिणीच्या चुकलेल्या औषधांची वही, ज्यावर राजा घाबरून बसला आहे असे चहाचे कप, आणि या सर्वांवर कडी म्हणून कापसाने भरलेले, हातभर लांबीचे, तीनशे फुसकाजी. खात्याची सरदारी भाचेरावांस मिळाली. विक्री शनिवारी पाच वाजता प्रकाशनगृहाच्या तळमजल्यावरील दालनात व्हावी आणि लेखिकाबाईंनी त्याआधी येऊन सर्व जिनसा नजरेखालून घालाव्या, असे ठरले. कारण करारनाम्याचे सातवे कलम मोठे कडक होते. जोडमालातील एकही जिन्नस पुस्तकाच्या मजकुराविरुद्ध निघाला तर नकाशापासून कपापर्यंत सगळ्याचा हक्क त्याच क्षणी लेखिकाबाईंकडे परत जावा, असे त्यात होते.

आता या बखरीचे खरे नायक राजश्री भिंगकाका यांची ओळख द्यावी लागते. भिंगकाका हे एकतीस वर्षे या गृहाचे मुद्रितशोधक. छापण्याआधी प्रत्येक पान त्यांच्या भिंगाखालून जाई. त्यांची रीत जगावेगळी होती. पान ते शेवटच्या ओळीपासून वर वाचीत, कारण सरळ वाचले की गोष्टीत मन गुंतते आणि मन गुंतले की वेलांटी सुटते, असे त्यांचे मत होते. या रीतीने डगमगपूरचे नऊही भाग त्यांनी निर्दोष करून दिले आणि त्यात काय घडते याचा त्यांस पत्ता नव्हता. त्यांची लाल शाई गृहात फर्मानासारखी चाले. लाल शाईवर कोणी हरकत घेऊ नये, हा आत्याबाईंच्या वडिलांपासूनचा रिवाज होता.

मग घात झाला तो असा. फुसकाजीचे नमुनाचित्र शिवणाऱ्या मावशींकडे धाडण्यापूर्वी भाचेरावांनी ते, कागद दिसला की काकांच्या टेबलावर ठेवायचा या सवयीने, भिंगकाकांच्या टेबलावर ठेवले. काकांनी ते शिरस्त्याप्रमाणे उलटे धरले, खालून वर तपासले, मागचे पाय दोन मोजले, पुढचा एक मोजला, पुन्हा मोजला, आणि समासात लाल शाईने लिहिले, की पाय १ कमी. भरावा.

शिवणाऱ्या मावशी दोन गल्ल्या पलीकडे तीन बायका घेऊन कारखाना चालवीत आणि डगमगपूरच्या कट्टर वाचक होत्या. त्यांनी चित्र पाहून कपाळावर हात मारला आणि भाचेरावांस फोन केला. समासात काही लिहिले आहे, इतके ऐकताच भाचेरावांनी पुसले, की शाई कोणती आहे? लाल आहे, असे कळताच त्यांनी, मग तसेच करा, असा हुकूम सोडला आणि फोन ठेवून कपांच्या खोक्यांकडे गेले. येणेप्रमाणे, ज्यास गोष्ट ठाऊक नव्हती त्याने चूक केली, ज्यांस ठाऊक होती त्यांनी ती पाळली, आणि तीनशे फुसकाजी चार चार पायांवर उभे राहिले.

शनिवारी पावणेबारा वाजता व्हॅन दाराशी आली आणि दहा पोती उतरली. भाचेरावांनी हर्षभराने पहिले पोते फोडून वरचा एक ड्रॅगन काढला आणि दालनाच्या दर्शनी काचपेटीत नकाशाशेजारी मांडला. मग दुसरे पोते फोडले, ड्रॅगन मांडीवर घेतला, त्याचे पाय कुरवाळता कुरवाळता मोजले, आणि ते चार भरले. ड्रॅगन मांडीवरच ठेवून त्यांनी खालूनच हाक मारली. आत्याबाई, भिंगकाका आणि गृहाचा हिशेबनीस खाली आले. त्यावेळचे बोलणे तिघांनी सारखेच सांगितले, सबब जसेच्या तसे देतो.

"आत्या, पाय."

"कुणाचा?"

"फुसकाजीचा. आलाय."

"अरे, आलाय म्हणजे? गेलेला ना तो?"

"तेच तर! तीनशे आलेत."

आत्याबाईंनी ड्रॅगन उचलला, पाहिला, आणि खुर्ची मागवली. भिंगकाकांनी जनावरास चार पाय असण्यात काय बिघडले, असे शांतपणे पुसले, आणि मग त्यांस सिंहासनाची गोष्ट, सातवे कलम आणि समासातली ती लाल ओळ, अशा क्रमाने सर्व सांगण्यात आले. काकांनी भिंग पुसले. ते पुन्हा पुसले. मग त्यांनी आपल्या तोंडाने जाहीर केले, की एकतीस वर्षांत माझ्या शाईने वाढवलेली ही पहिली चूक. ती लेखिकाबाईंच्या नजरेस पडून कलम लागू झाले, तर सोमवारपासून खुर्चीत मी नसेन. आत्याबाईंनी दरडावले, विनवले, वडिलांची आठवण काढली. काका ढळले नाहीत. तेव्हा आत्याबाईंनी हिशेबनिसाच्या कानी सांगितले, की नकाशे, कोश आणि कप गेले तर दु:ख नाही, दुसरे काढू. पण दुसरा असा माणूस कुठून काढू? मग त्यांनी पदर खोचला आणि युद्ध जाहीर केले.

बारा वाजून दहा मिनिटांनी मावशी आपल्या तीन बायकांसह सुया, दोरे आणि कात्र्या घेऊन दाखल झाल्या. दालनातील टेबले जोडून रणभूमी केली. मावशींनी एक ड्रॅगन उचलून अंदाज बांधला: पाय उसवणे, कापूस आत दाबणे आणि भोक न दिसेल असे बंद करणे, मिळून एकाला पाच मिनिटे. तीनशेंस पंचवीस तास. हाती होते साडेचार. म्हणजे सहा जोड्या हात पाहिजेत आणि आहेत चार. पाचवे हात भिंगकाकांनी न बोलता पुढे केले. सहावे हात म्हणून भाचेराव सुई घेऊन बसले आणि पहिल्याच ड्रॅगनच्या पोटास त्यांनी आपल्या शर्टाची बाही बेमालूम शिवून टाकली. ड्रॅगनसकट त्यांस उठवून बाजूस करण्यात आले, बाही कापण्यात आली, आणि त्या जागी खाशा आत्याबाई बसल्या.

भिंगकाकांचे उसवणे पाहून मावशी थक्क झाल्या. भिंगाखाली धरताच टाक्याचे टोक त्यांस असे दिसे, की दुसऱ्याने शिवण चाचपावी तोवर त्यांचा पाय निघून पोत्यात पडे. म्हणोन मावशींनी फौजेची रचना बदलली. काकांनी फक्त उसवावे, बाकी पाच जणींनी बंद करावे, असे ठरले. यामुळे काम वेगाने सुरू जाहले, दालनात कापूस उडू लागला, आणि हिशेबनिसाने टाळ्या पिटल्या. पण अकरावा ड्रॅगन बंद करताना मावशींनी तो सहज सरळ उभा केला आणि किंचाळल्या.

"अहो काका! डावा सांगितला होता, डावा!"

"डावाच काढलाय की."

"तुमच्या डाव्या हाताचा! त्याचा उजवा! असं उताणं काय पाडलंय त्याला?"

"उताणा असला की त्याचं तोंड दिसत नाही. तोंड दिसलं की मन गुंततं."

येणेप्रमाणे मुद्रितशोधनाची रीत कापडाच्या जनावरास लावल्याने अकरा फुसकाज्यांचा भलताच पाय गेला होता. उजवा परत लावावा, डावा काढावा, असे दुप्पट काम वाढले आणि अर्धा तास वाया गेला. काकांचा चेहरा उतरला. तेव्हा मावशींनी बाराव्या ड्रॅगनास स्वहस्ते सरळ उभे करून त्यांच्यासमोर ठेवले आणि निक्षून सांगितले, की याच्या तोंडाकडे बघून काढा. काकांनी पाहिले. फुसकाजीचे डोळे मोठे, नाक शिंकेच्या बेतात. काकांचा हात क्षणभर थांबला आणि मग त्यांनी, जरा दुखेल हं, असे त्यास म्हटले. हे चौघींनी ऐकले आहे.

त्यानंतर उसवणे चालू असताना बायकांनी काकांस गोष्ट सांगितली, पहिल्या भागापासून, सरळ. शिंकेने लागलेली आग शिंकेनेच विझल्याचा प्रसंग आला तेव्हा काका हसले नाहीत, पण त्यांचा वेग वाढला. चौथ्या भागात फुसकाजी लंगडत दरबाराबाहेर पडतो आणि कोणाचेही लक्ष जात नाही, येथे गोष्ट आली, आणि काकांनी हत्यार खाली ठेवले.

"मग राजाला कळलं का, खाली कोणाचा पाय आहे ते?"

"ते पाचव्यात आहे काका. पाचवा तुम्हीच तपासला ना?"

"खालून."

"मग शेवट आधी वाचलात की!"

"अक्षरं वाचली हो. राजा बसलाय एवढं आठवतं. कशावर, ते नाही बघितलं."

सर्वांत धाकट्या शिवणारीने, राजालाही तेवढेच ठाऊक होते, असे म्हटले, आणि मग सगळ्या इतक्या हसल्या की आत्याबाईंच्या सुईतला दोरा निघाला.

इकडे बाहेर तीन वाजल्यापासून वाचकांची फौज रस्त्यावर गोळा होऊ लागली होती. त्यांच्या म्होरक्या दंतवैद्यबाई, ज्यांनी नऊ भाग अकरा वेळा वाचले होते आणि दवाखान्यात रुग्णाचे तोंड उघडे असताना त्यास थापा क्रमाने ऐकवण्याचा त्यांचा लौकिक होता. त्या काचेस नाक लावून आत पाहू लागल्या. भाचेरावांनी ही चाल ओळखली आणि घरून मागवलेल्या चादरींनी दर्शनी काच आणि तिला लागून असलेली काचपेटी झाकून टाकली. या कामगिरीबद्दल आत्याबाईंनी त्यांस शाबासकी दिली. दिवसातली ही त्यांची पहिली शाबासकी, आणि संकटाचे मूळही तीच.

चार वाजून चाळीस मिनिटांनी शेवटच्या फुसकाजीस शेवटचा टाका पडला. बोटे बधिर, केसांत कापूस, आत्याबाईंच्या भुवईसही कापूस, पण फौज उभी होती. मावशींनी शिवण ताणून पाहिली आणि सुटत नाही असा दाखला दिला. मग पोत्यातले पाय मोजले. दोनशे नव्व्याण्णव भरले. ड्रॅगन मोजले, तेही दोनशे नव्व्याण्णव. एक कोठे गेला, म्हणोन टेबलांखाली, पोत्यांत, जिन्यात, व्हॅनवाल्यास फोन करून व्हॅनमध्ये, असा सर्वत्र शोध घेतला. भाचेरावांनी हिरिरीने शोधले, कपांची खोकीसुद्धा उचकली, आणि सकाळचा आनंद त्यांस अजिबात आठवला नाही. इतक्यात पाचला दहा मिनिटे कमी असता मागच्या दाराने लेखिकाबाईंची स्वारी आली.

लेखिकाबाई किरकोळ देहाच्या, मोठ्या पिशवीच्या आणि थोड्या बोलण्याच्या. त्यांनी नकाशा उलगडून पाहिला, बरा आहे म्हणाल्या. कोश चाळला, बरा आहे. ड्रॅगन उचलला. त्यांनी पाय मोजले, तीन, आणि मान हलवली. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मग बाई जाता जाता, हे काय झाकलंय, म्हणत काचपेटीपाशी थांबल्या आणि त्यांनी चादर ओढली.

आत फुसकाजी उभा होता, चारही पायांवर, नकाशावर डगमगपूर पायाखाली घेऊन.

भाचेरावांस तेव्हा आठवले. लेखिकाबाईंनी पेटी उघडून ड्रॅगन हाती घेतला आणि त्याचे चारही पाय एकेक करून चाचपले. मग हा शहाणपणा कोणाचा, असे त्यांनी पुसले. भाचेराव, मावशी आणि आत्याबाई तिघेही एकाच वेळी, माझा, असे म्हणाले. पण भिंगकाका दोन पावले पुढे आले.

"माझा. चित्र मी तपासलं."

"नऊ भाग तुम्हीच तपासलेत ना?"

"तपासले. वाचले नव्हते. आज दुपारी कळले."

"मग का घातलात पाय?"

"कमी होता म्हणून."

लेखिकाबाई पायांच्या पोत्यावर मटकन बसल्या. मग त्यांनी जे सांगितले ते आत्याबाई आणि मावशी या दोघींनी वेगवेगळे सांगूनही तंतोतंत जुळले आहे. तीन वर्षे मी शेवटच्या पानापाशी अडले आहे. वाचकांची पत्रे येतात, पाय कुठे गेला, पुढची थाप कोणती. मीही थापच शोधत बसले. त्याचा पाय कमी आहे आणि तो भरायला हवा, असे इतक्या वर्षांत ना कोणी वाचक म्हणाला, ना राजा, ना मी.

येथे काकांनी, एकतीस वर्षांत प्रथमच, लेखकास आशयाविषयी प्रश्न केला.

"पण मग सिंहासन पडेल की?"

"पडू दे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "पडू दे ना काका! राजाला जरा उभं राहायला लावू."

मग त्यांनी तेथल्या तेथे तीन हुकूम सोडले. सातवे कलम आज झोपलेले आहे, त्यास कोणी उठवू नये. आत्ता ऐकलेला एक शब्दही दाराबाहेर जाऊ नये. आणि दहाव्या भागाचे पहिले पान भिंगकाकांच्या खुर्चीतच तपासले जावे, खुर्चीत दुसरे कोणी दिसल्यास ते पान आपण परत नेऊ. आत्याबाईंनी काकांकडे पाहिले. काकांनी, सोमवारी यावे लागेल तर, इतकेच म्हटले आणि भिंग पुसायला घेतले. या खेपेस ते बराच वेळ पुसत होते.

पाच वाजता दार उघडले आणि वाचकांचा लोंढा आत शिरला. दंतवैद्यबाईंनी पहिला फुसकाजी छातीशी धरला आणि मग त्यांची नजर पोत्याकडे गेली, ज्यातून दोनशे नव्व्याण्णव हिरवे पाय डोकावत होते. त्यांनी हे काय, असे पुसले. भाचेराव, काही नाही, असे म्हणणार इतक्यात बाईंनी एक पाय उपसून डोक्यावर धरला आणि आरोळी ठोकली, की सिंहासनाचा पाय वेगळा दिलाय! मग जी झुंबड उडाली तिचे वर्णन करण्यास ही बखर लिहिणारा हिशेबनीस असमर्थ आहे, कारण तो टेबलाखाली होता. एकीने सांगितले, की घरचे जेवणाचे टेबल डुगडुगते, त्याखाली लावते. एका गृहस्थाने तेथेच रोख भरण्याच्या टेबलाखाली लावून दाखवला आणि टेबल स्थिर झाले, त्यावर टाळ्या पडल्या. दंतवैद्यबाईंनी सर्वांकडून शपथ घेवविली, की कोणीही हा पाय ड्रॅगनास परत शिवायचा नाही, तो राज्याचा आहे. ही शपथ चालू असताना लेखिकाबाई कोपऱ्यात तोंडास रुमाल लावून हलत होत्या. जवळच्यांस वाटले, गहिवरल्या.

आत्याबाईंनी प्रत्येक ड्रॅगनामागे एक पाय द्यावा, असा हुकूम केला. पावणेसातच्या सुमारास शेवटचा फुसकाजी आणि शेवटचा पाय एका आजोबांच्या दोन हातांतून दोन वेगळ्या पिशव्यांत गेले, दालन रिकामे झाले, आणि सहा जोड्या हात चहाच्या कपांभोवती विसावले, ज्या कपांवर राजा अजून बसलेला होता.

येणेप्रमाणे चौथ्या पायाची मोहीम फत्ते जाहली. दोनशे नव्व्याण्णव ड्रॅगन तीन पायांनी बाहेर गेले, दोनशे नव्व्याण्णव पाय त्यांच्यामागून गेले, काकांची खुर्ची राहिली, आणि भाचेरावांच्या शर्टास एकच बाही राहिली. तीनशेवा फुसकाजी, चार पायांचा, लेखिकाबाईंच्या पिशवीत बसून मागच्या दाराने रवाना जाहला. दारापाशी तो शिंकला असे भाचेराव सांगतात. तिसऱ्यास पुसले. भिंगकाका म्हणाले, हो, शिंकला.